व्हीओबीचं नाव बदलून एमपीजी केलं की झालं का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामित भाऊ,

घरच्या डीव्हीडीचं एमपी४ कसं करायचं या माझ्या आधीच्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया वाचली. जरा झणझणीत होती पण मुद्दे आहेत त्यात, म्हणून खाली दोन ओळीत उत्तर न देता इथेच सविस्तर लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी, भाऊंचं म्हणणं थोडक्यात असं की घरच्या डीव्हीडीचं एमपी४ करायला एवढा घोळ घालायची गरजच नाही, डिस्कमधली व्हीओबी फाईल (डीव्हीडीतला व्हिडिओ हिच्यात असतो) कॉपी करा, नाव बदलून एमपीजी करा, यूट्यूबला टाका, विषय संपला. दुसरं म्हणजे मी ४ जीबीची डीव्हीडी सव्वा जीबीची केली म्हणजे क्वालिटीची वाट लावली. आणि तिसरं, "हँडब्रेक वगैरे शिकवून उगाच हुशारी मारताय, लोकांना नातेवाईकांना पाठवायचंय, पिक्चर काढायचा नाहीये". (हँडब्रेक म्हणजे मी सांगितलेलं व्हिडिओ बदलायचं सॉफ्टवेअर.)

पहिल्यापासून घेऊ. नाव बदलायची युक्ती चालते, नाही कोण म्हणतंय. व्हीओबीच्या आत एमपीईजी-२ (व्हिडिओ दाबून साठवायची जुनी पद्धत) च असतं त्यामुळे यूट्यूब ती फाईल घेतं पण. पण एकदा व्हिडिओ_टीएस फोल्डर उघडून बघा ना. त्यात एक सलग फाईल नसते. व्हीटीएस_०१_० असते ती मेनूची, मग _१, _२, _३ अशा तुकड्यातुकड्यात खरा व्हिडिओ. डीव्हीडीचा नियमच आहे की एक व्हीओबी १ जीबीच्या वर जात नाही, आणि १ जीबी भरला की तो तिथंच तुटतो, मग तिथं भटजी मंगलाष्टकं म्हणत असोत की कोणी भाषण करत असो. म्हणजे आत्याला तुम्ही लग्नाचे चार तुकडे पाठवणार आणि "शुभमंगल" एकात नि "सावधान" दुसऱ्यात. बरं, तुम्हाला क्वालिटी अजिबात कमी नको असेल ना, तर नाव बदलण्यापेक्षा मेकएमकेव्ही नावाचं सॉफ्टवेअर वापरा, ते काहीही एनकोड न करता, म्हणजे व्हिडिओ पुन्हा न दाबता, सगळे तुकडे जोडून एक सलग एमकेव्ही फाईल देतं, घरच्या डिस्कला पाच-दहा मिनिटात काम होतं. या बाबतीत तुमचा आग्रह मला मान्यच आहे, जपून ठेवायची कॉपी तशीच पाहिजे, किंवा सरळ अख्ख्या डिस्कची आयएसओ (डिस्कची जशीच्या तशी एका फाईलीतली नक्कल) काढून हार्डडिस्कवर टाका. पण ती जपायची फाईल झाली. पाठवायची फाईल वेगळी, कारण एमपीईजी-२ बऱ्याच फोनवर नुसतं टॅप करून सुरू होत नाही, समोरच्याला आधी प्लेअर डाऊनलोड करायला सांगावं लागतं, आणि सत्तरीतल्या काकूंना ते फोनवर समजावून सांगायची तयारी असेल तर करा बापडे.

आता खरा मुद्दा, जो तुमच्या प्रतिक्रियेत आलाच नाहीये आणि ज्याच्यासाठी मी तो सगळा "घोळ" घातला होता. इंटरलेसिंग. आपल्याकडच्या डीव्हीडी पाल या टीव्ही-पद्धतीच्या, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण कॅमेऱ्यातून आलेल्या फूटेजमध्ये प्रत्येक फ्रेम म्हणजे दोन अर्धे फोटो असतात, एकात सम ओळी एकात विषम, आणि दोघांत सेकंदाच्या ५० व्या भागाचा फरक. जुना डबा टीव्ही ते आळीपाळीनेच दाखवायचा त्यामुळे कळायचं नाही. फोन नि लॅपटॉप ते दोन्ही अर्धे एकदम दाखवतात. मी त्या पोस्टसाठी जी डिस्क घेतली होती ती रंगपंचमीची, नाशिकच्या तिवंधा चौकातल्या रहाडीची, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाची. माणूस काठावरून उडी घेतो, धप्पा, आणि रंगाचं पाणी चारी बाजूंना उसळतं. त्या क्षणाला फाईल पॉज करून बघा, उडणाऱ्याच्या हाताला कंगव्यासारखे दात आलेले दिसतात आणि पाण्याचे थेंब सगळे आडव्या रेषांमध्ये चिरलेले. तुम्ही म्हणाल माझ्या कॉम्प्युटरवर तर असं काही दिसत नाही. नाहीच दिसणार, व्हीएलसी हा प्लेअर गुपचूप डीइंटरलेस करून, म्हणजे ते अर्धे फोटो नीट पूर्ण करून, दाखवतो. तीच फाईल तशीच वर टाकली तर ते काम यूट्यूबच्या भरवशावर जातं, आणि यूट्यूब स्वतःच त्यांच्या मदतीच्या पानावर सांगतं की डीइंटरलेस करूनच अपलोड करा.

त्यातही एक मेख आहे. साधं डीइंटरलेस केलं तर ५० अर्ध्या फोटोंचे २५ फ्रेम होतात, दात जातात पण हालचाल अर्धी होते, नि रहाडीतली उडी अडखळत होते. म्हणून हँडब्रेकमध्ये फिल्टर्समध्ये डीइंटरलेसचा बॉब हा प्रकार निवडायचा आणि फ्रेमरेट ५०. मग प्रत्येक अर्ध्या फोटोचा एक पूर्ण फ्रेम होतो आणि जुन्या टीव्हीवर दिसायची तशी गुळगुळीत हालचाल परत येते. पण यूट्यूब ५० फ्रेम ७२०पी (७२० ओळी) आणि त्याच्या वरच दाखवतं, ५७६ ओळींची फाईल दिली तर ती ४८० वर उतरते, म्हणजे ओळी पण गेल्या आणि हालचाल पण गेली. म्हणून मी ९६० बाय ७२० करायला सांगितलं होतं. मोठं केल्याने चित्रात नवीन काही येत नाही हे मलाही कळतं हो, ते फक्त यूट्यूबने हात आखडता घेऊ नये म्हणून. व्हॉट्सॲपला पाठवायची असेल तर ही भानगड नको, ७६८ बाय ५७६ ठेवा (७२० बाय ५७६ ठेवलं नि पिक्सेलचा आकार लक्षात घेतला नाही की सगळे वऱ्हाडी उभट दिसतात) आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. व्हिडिओ म्हणून पाठवली की व्हॉट्सॲप दाबून दाबून तिचा चुरा करतं.

साईजचं. ४ जीबीचं सव्वा जीबी झालं म्हणजे पाऊण माल गेला असं नसतं भाऊ. डीव्हीडीतलं एमपीईजी-२ हे नव्वदच्या दशकातलं, एमपी४ मधली नवी पद्धत एच.२६४ आली २००३ ला, तेच चित्र ती बऱ्याच कमी जागेत बसवते. पुन्हा एनकोड केलं की थोडं काहीतरी जातंच, त्याला कोणी नाकारत नाही, पण आरएफ (हँडब्रेकमधला क्वालिटीचा आकडा, कमी तितका चांगला) १८ ला ठेवलं तर डोळ्याला फरक सापडत नाही, दोन्ही फाईली शेजारी लावून बघा. आणि यूट्यूब काय, तुम्ही काहीही द्या, ते त्यांच्या पद्धतीने परत एनकोड करणारच आहेत.

हुशारीचं म्हणाल तर सोडून देतो. मिक्सिंगवाल्याने लग्नात फुल व्हॉल्यूम सिनेमाची गाणी टाकलेली असतात त्यावर यूट्यूबकडून कॉपीराईट क्लेम येऊ शकतो, अनलिस्टेड (लिंक असलेल्यालाच दिसेल असं) ठेवलं तरी, हे आधीच माहीत असलेलं बरं एवढंच. आणि ऑनलाईन फुकट कन्व्हर्टरवर घरातल्या बायकामुलांचे व्हिडिओ चढवू नका, ते कुठल्या सर्व्हरवर पडून राहतात कोणाला माहीत.

शेवटी तुम्ही विचारलेलं, एक डिस्क अडकते आणि एक कॉम्प्युटरला रिकामी दिसते. अडकणारी मऊ सुती कापडाने पुसा, मधून कडेकडे सरळ, गोल गोल अजिबात नाही, कारण डेटा गोल फिरत लिहिलेला असतो आणि त्या दिशेचा ओरखडा सलग डेटा खातो. मग दुसऱ्या ड्राईव्हमध्ये घालून बघा, बऱ्याचदा एक ड्राईव्ह वाचत नाही ते दुसरा वाचतो. रिकामी दिसणारी बहुतेक फायनलाईज (रेकॉर्डिंग संपल्यावर डिस्क बंद करून इतर मशीनवर वाचता येईल अशी करणं) केलेली नसणार, खालची बाजू उजेडात तिरकी धरा, आतल्या बाजूला वेगळ्या रंगाचा पट्टा दिसला तर त्यात रेकॉर्डिंग आहे. ज्या कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये ती भरली होती तो चालू असेल तर त्यातच घालून फायनलाईज करून घ्या, आणि तोवर त्या डिस्कला कॉम्प्युटर "फॉरमॅट करू का" विचारेल तेव्हा चुकूनसुद्धा हो म्हणू नका.