कृष्णविवराचा फोटो ‘कॉम्प्युटरने रचलेला’ म्हणणाऱ्यांना

एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा तो नारिंगी कड्याचा फोटो बनावट आहे, असा मेसेज पुन्हा फिरतोय. एरवी मी असले मेसेज न वाचता पुसून टाकतो. या वेळी मात्र तो वाचून भाच्याने विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावरून फोटोच काढून टाकला.

मेसेज विचारतो, ‘असा फोटो काढायला पृथ्वीएवढी दुर्बीण लागते, ती आहे कुठे?’ कुठेच नाही. एप्रिल २०१७ मध्ये चिली, हवाई, ॲरिझोना, मेक्सिको आणि स्पेनमधल्या दुर्बिणींनी १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरी अणुघड्याळाच्या वेळेसकट नोंदवल्या. नंतर दोन-दोन ठिकाणच्या नोंदी जुळवून त्यांचं व्यतिकरण, म्हणजे लहरी एकमेकींत मिसळून उमटणारा नमुना, काढलं आणि त्यावरून सॉफ्टवेअरने चित्र तयार केलं. दुर्बिणींमधलं अंतर जितकं जास्त, तितका तपशील बारीक. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना याच तत्त्वावर चालतात. त्याही बनावट का?

‘सॉफ्टवेअरला कडं काढायला शिकवलं, म्हणून कडं आलं.’ संताप येतो तो याचा, कारण ही शंका सगळ्यात आधी त्या शास्त्रज्ञांनीच घेतली होती. ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल लेटर्स’मध्ये २०१९ साली आलेल्या सहा निबंधांपैकी चौथा उघडा, फुकट वाचता येतो. चार गटांनी एकमेकांशी अवाक्षर न बोलता चित्रं तयार केली. चौघांनाही कडंच मिळालं, दक्षिणेकडे जास्त उजळ. तेवढ्यावर न थांबता त्यांनी मुद्दाम खोटा डेटा बनवला: कडं, चंद्रकोर, भरीव चकती आणि नुसते दोन ठिपके. सॉफ्टवेअरच्या ज्या सेटिंग्जना हे चारही आकार नीट काढता आले नाहीत, त्या बाद. उरलेल्या सेटिंग्ज खऱ्या डेटावर चालवल्या, तरी कडंच. दुर्बिणी मोजक्या, त्यामुळे माहितीत फटी राहतात आणि त्या भरायला गृहीतकं लागतात, हे कबूल. पण २०१८ च्या निरीक्षणांत ग्रीनलँडची दुर्बीणही होती. त्यात कड्याचा आकार तोच आला आणि उजळ भाग मात्र सुमारे ३० अंश सरकलेला. सॉफ्टवेअर पाठ केलेलं चित्र गिरवत असतं, तर तो सरकला कसा?

‘रंग खरा नाही’ हे म्हणणं मात्र बरोबर आहे. रेडिओ लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. नारिंगी रंग नंतर दिलेला. बातम्यांनी हे धड सांगितलं नाही, त्याचं खापर शास्त्रज्ञांवर कशाला?

आणि ‘फोटोला दोन वर्षं का लागली?’ डेटा सुमारे पाच पेटाबाईट, म्हणजे पन्नास लाख गिगाबाईट. तो इंटरनेटवरून पाठवणं शक्य नव्हतं, हार्ड डिस्क विमानाने न्याव्या लागल्या. त्याच मोहिमेतल्या दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत हलल्याच नाहीत.