हळू म्हणजे नेमकं काय?

पाश्चात्त्य स्वरलिपीच्या कागदावर 'पी' (p, इटालियन 'पियानो', म्हणजे बारीक आवाज) दिसला की आम्ही सांगलीकर एकमेकांना सांगतो, "हळू." घोटाळा तिथंच होतो. हळू म्हणजे बारीक आवाजात आणि हळू म्हणजे सावकाशही. 'एफ' (f, 'फोर्ते', म्हणजे मोठा आवाज) दिसला की म्हणतो 'जोरात', त्याची तीच गत. म्हणून पी आला की लय मंदावते आणि एफ आला की गाणं अंकलीच्या पुलावरून वडाप सुटल्यासारखं पळतं.

गंमत अशी की इटालियनमध्येही 'पियानो'चा एक अर्थ सावकाश असाच आहे. पण कागदावर तो फक्त आवाजापुरता. लयीला अदाजो (सावकाश), अलेग्रो (जलद) वेगळे. उपाय एकच. मेट्रोनोम 72वर लावायचा आणि त्याच चार मात्रा आधी पी, मग एफमध्ये वाजवायच्या. टिकटिक चुकली की चोर सापडला.

मधे एमपी (मेझो पियानो, मध्यम बारीक) आणि एमएफ (मेझो फोर्ते, मध्यम मोठा). एमपी आला म्हणून उठून उभं राहायचं नाही. तो पीपेक्षा जरासा मोठा, इतकंच. डेसिबलचा आकडा कशालाच नाही. आपला सगळ्यात बारीक आणि न फाटणारा सगळ्यात मोठा आवाज आधी शोधायचा, पायऱ्या त्यांच्या मधे पाडायच्या.

आता चिमटा, म्हणजे सुरांखालची < अशी खूण. उघडं तोंड उजवीकडे म्हणजे आवाज वाढवत न्यायचा. चिमटा दिसताच आमचा हात पहिल्याच सुराला एफ गाठतो, मग पुढं वाढवायला उरतंय काय? चिमटा सुरू होतो तिथं पेन्सिलीनं पी लिहा, चार मात्रांत पी, एमपी, एमएफ, एफ असं चढा.

पेटीवरून कीबोर्डवर आलेल्यांचे हाल वेगळेच. पेटीचा आवाज भात्यात, बोटात नाही. इथं पट्टी किती वेगानं खाली जाते त्यावर सगळं. पीसाठी सावकाश दाबा, पण तळापर्यंत; अर्ध्यात सोडली तर सूरच गायब. आणि 'टच' (दाबण्याच्या वेगानुसार आवाज बदलणारी कीबोर्डची सोय) बंद असेल तर कितीही गोंजारा, आवाज एकच. व्हॉल्यूमच्या बटणाला हात लावू नका, त्यानं पी आणि एफ दोघंही चढतात.

एवढं जमलं की भिंतीवर थाप पडते. "अवो, जरा हळू वाजवा की!"

मेट्रोनोम 72वरून 40वर आणला. थाप पुन्हा पडली.