‘दर रविवारी पिंजरा लख्ख धुवा’ हा सल्ला हॅमस्टरच्या जिवावर उठतो

दिवाळीची साफसफाई निघाली की हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा प्राणी, पाळणाऱ्यांमध्ये एक मजकूर फिरू लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हॅमस्टर बुजरा असेल तर दर रविवारी पिंजरा पूर्ण रिकामा करा, जंतुनाशकाने धुवा, भुसा सगळा नवा घाला, मांडणीही बदला, म्हणजे त्याला बदलाची सवय लागते. लपायचं घर काढून घ्या, हातात धरून बसा, एकटा असेल तर जोडीदार आणा. दोन-तीन दिवस मलूल राहिला तर काळजी करू नका.

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसेल. पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला त्या जिवाला आणखी घाबरवणारा आहे.

‘सगळं धुवून काढा, नवं भरा.’ हॅमस्टरची नजर अधू असते, त्याचं जग वासाचं. सीरियन जातीच्या हॅमस्टरच्या दोन्ही कुशींना एक-एक गडद ठिपका दिसतो, त्या वासाच्या ग्रंथी. भिंतीला अंग घासत तो आपला वास लावत जातो आणि त्या वासावरूनच ‘हे माझं घर’ हे त्याला कळतं. तो सगळा वास एका दुपारी पुसला, वर फिनेलचा उग्र दर्प ठेवला, की आपण त्याला परक्या गावात नेऊन सोडलं.

मी हे केलेलं आहे. आमची तिळू घरी आली त्या पहिल्या महिन्यात मी पिंजरा चकचकीत करून तिला आत सोडलं. रात्रभर ती काचेच्या कडेकडेने धावत होती, मधेच थांबून पुढचे पाय उचलून हुंगत होती. सकाळी पिंजऱ्यातल्या लपायच्या घराबाहेर, उघड्यावर, अंग आक्रसून झोपलेली सापडली. पुढच्या वेळी घरट्यातल्या जुन्या कागदी पट्ट्या दोन मुठी बाजूला काढून ठेवल्या आणि सफाईनंतर मधोमध टाकल्या. तिने त्या एकेक करून गालात कोंबल्या, डोकं दुप्पट फुगलं, आणि तशीच घरात शिरून तिने घरटं पुन्हा रचलं. अर्ध्या तासात झोपली.

वासाची आणि मुंग्यांची तक्रार खरी आहे, पावसाळ्यात तर फारच. पण त्यासाठी पिंजरा उपसावा लागत नाही. हॅमस्टर बहुधा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तेवढा ओला भुसा एक-दोन दिवसांनी काढा. काकडी-गाजराचे उरलेले तुकडे रोज उचला. दाण्यांचा साठा कोरडा असेल तर त्याला हात लावू नका, तो त्याने जमवलेला असतो. भुसा बदलायचाच तर एका वेळी तिसरा हिस्सा. धुवायचं तर गरम पाण्याने, आणि ज्या दिवशी तळ धुवाल त्या दिवशी त्याचं पळायचं चाक धुवू नका. हे सगळं संध्याकाळी, तो आपणहून उठल्यावर. भर दुपारी झोपेतून उपसून काढू नका.

‘मांडणी बदलली की सवय लागते.’ त्याला विरंगुळा हवा, हे बरोबर. तो एका वेळी एक वस्तू बदलून द्या: आज एक पुठ्ठ्याची नळी, आठवड्याने आणखी काही. घर, चाक आणि पाण्याची बाटली जागच्या जागी राहू द्या. मोठ्या पिंजऱ्यात हलवताना तर जुना भुसा सगळाच सोबत न्या.

‘लपायचं घर काढून घ्या.’ हे वाचून मला खरोखर वाईट वाटलं. आज घराघरांत असलेले बहुतेक सीरियन हॅमस्टर 1930 साली प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी सीरियात अलेप्पोजवळ शेत खणून मिळवलेल्या एका मादीच्या आणि तिच्या पिल्लांच्या वंशातले. त्या भागातल्या रानटी हॅमस्टरची बिळं पुढे मोजली गेली, ती सरासरी 65 सेंमी खोल निघाली. जमिनीखाली दडणं हा त्याचा स्वभाव आहे, खोड नव्हे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका स्विस अभ्यासात हॅमस्टरना 10, 40 आणि 80 सेंमी जाडीचा भुसा दिला होता. 10 सेंमीवाले गज कुरतडत राहिले. 80 सेंमीवाल्यांमध्ये ते फार कमी होतं किंवा नव्हतंच. तेव्हा बुजऱ्या हॅमस्टरला दोन घरं द्या आणि भुशाचा थर वाढवा.

‘हातात धरून बसा.’ वरून आलेला हात त्याच्या लेखी घारीचा पंजा. त्यापेक्षा तळहातावर सूर्यफुलाची बी ठेवून हात पिंजऱ्यात तळाशी टेकवा आणि हलवू नका. तिळूला माझ्या हातावर चढायला जवळजवळ तीन आठवडे लागले. पिंजऱ्यात काही बदल केला असेल तर चार-पाच दिवस एवढंही नको.

‘जोडीदार आणा.’ सीरियन हॅमस्टरच्या बाबतीत कधीच नाही. वर सांगितलेल्या त्या बिळांत एकाहून जास्त प्रौढ हॅमस्टर एकत्र सापडला नाही. एका पिंजऱ्यात दोन ठेवले तर मारामारीत जीव जाऊ शकतो.

‘मलूल राहिला तरी काळजी नको.’ जागा बदलल्यावर पहिले एक-दोन दिवस तो लपून राहील, रात्रीच खाईल, हे ठीक. पण पातळ जुलाब, शेपटीखाली ओलं, खाणं बंद, पाठ कुबडलेली, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताणामुळे उफाळणारा एक आतड्यांचा आजार लहान वयाच्या हॅमस्टरला दोन-तीन दिवसांत संपवतो. फोनवरच विचारून घ्या, इतके छोटे प्राणी तपासता का. सगळे डॉक्टर तपासत नाहीत. आणि घरातलं माणसांचं अँटिबायोटिक चिमूटभरही देऊ नका. पेनिसिलीन आणि अमॉक्सिसिलीनने हॅमस्टर दगावतात.