किलोभर नेमबाजी

मेव्हणा टेक्सासात काडतुसं घरी भरतो. झाडलेली पितळी केस, म्हणजे काडतुसाचं नळकांडं, उचलायची, मापात आणायची, नवं प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), दारू, वर गोळी. "केस वाचली की खर्च वाचला, दाजी!" हे तो व्हिडिओ कॉलवर सांगतो आणि बायको माझ्याकडं बघते. कारण 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ आणलं, तेव्हापासून आमचं पोरगं हवेच्या रायफलीच्या नादाला लागलंय. रोज शंभर गोळ्या. पाचशेचा डबा आठवडाभरही पुरत नाही. त्या गोळीला केस नाही, दारू नाही. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा डमरू, लोखंडावर आपटला की बत्तासा. वाचवणार काय? शिसं! घरी वितळवायचं म्हटलं तर धूर विषारी, आणि कढई बायकोची.

म्हणून दोन हजार बत्तासे वेचून उद्यमनगराजवळ भंगारवाल्याकडं गेलो. काटा म्हणाला, नऊशे ग्रॅम.

"किलोच्या वर पाहिजे ओ. एक गोळी अर्ध्या ग्रॅमच्या वर भरते."

"नेमात झिजलं आसंल."

बाकड्यावर एक आजोबा चहा बशीत ओतत होते. त्यांनी पिशवीत हात घातला. "ह्यानं डुक्कर मरतंय व्हय?"

"कागदावर मारायचं असतंय, आजोबा. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा."

"कागदावर?" बशी खाली आली. "माझ्या आज्याकडं ठासणीची हुती. बार भरायचा, चिंधी ठासायची, वर छर्रं. न्हाई तर सायकलीचं बॉलबेरिंग. एका बारात ऊस राखला पंधरा दिस. तुमी महिनाभर कागदच मारताय?"

भंगारवाला एवढा हसला की काटाही हलला.

मला हसू येईना. पदक आलं तेव्हा चौकाचौकात फ्लेक्स लागले, पेढे वाटले गेले. त्यातल्या एकानंही गोळ्यांचा डबा कितीला पडतो हे विचारलेलं नाही. पोरगं अर्ध्या मिलिमीटरसाठी श्वास रोखून धरतंय आणि इथं काटा दीडशे ग्रॅम गिळून ढेकरही देत नाही.

"पोराला पदक मिळालं की इकडंच आणा," भंगारवाला म्हणाला. "शिशापेक्षा ब्राँझला भाव बरा हाय."

मी पिशवी पुन्हा काट्यावर ठेवायला लावली. आता आठशे ऐंशी.