गच्चीवर गवत लावलं की स्लॅब गळतो म्हणे!

आमच्या वाचनालयाच्या गच्चीवर माती टाकून गवत लावायचा विषय निघाला आणि दोन दिवसांत मेसेज गावातल्या सगळ्या ग्रुपवर: "कोकणात 3000 मिमी पाऊस, गच्चीवर माती म्हणजे स्लॅब गळणार, मुळं स्लॅब फोडणार, वजनाने छप्पर खाली येणार, त्यापेक्षा पत्रे टाका." खाली हात जोडलेले.

आधी गळती. अहो, स्लॅब आत्ताच गळतोय, माती कुठेय तिथे? गेल्या जुलैत कपाटापाशी बादली लावायची वेळ आली तेव्हा मी शिडी लावून वर गेलो, तर घोटाभर पाणी, कोपऱ्यातल्या पाइपच्या तोंडाशी आंब्याचा पाला नि वेफर्सचं पाकीट, हात घालून काढलं तसं घुर्रर्र करत सगळं पाणी खाली. पाणी तुंबलं की गळणार, मग वर गवत असो नाहीतर नुसता कोबा. नीट काम करायचं तर खाली वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं अडवणारा थर, मग पाणी वाहायला जागा, गाळणीचं कापड आणि शेवटी माती. पाइपच्या तोंडाभोवती माती नाही, खडी आणि जाळी. मात्र वॉटरप्रूफिंग झाल्यावर दोन दिवस गच्चीत पाणी भरून बघितलं नाही आणि तशीच माती चढवली तर मेसेजवाल्याचंच खरं होईल, कारण मग लिकेज शोधायला सगळं उकरावं लागतं.

मुळं? स्लॅब फोडतो तो पिंपळ नि उंबर, आणि तो आपल्या कठड्यावर उगवलाय ऑलरेडी, कावळ्यांच्या कृपेने. उपटा की.

वजनाचं मात्र बरोबर आहे, इथे मी मेसेजवाल्याच्या बाजूने. साधी ओली माती 10 सेंमी टाकली तरी चौरस मीटरला पावणेदोनशे-दोनशे किलो होते, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) वगैरे मिसळून ते बरंच कमी करता येतं, पण जुन्या स्लॅबची सळई गंजलीय का हे इंजिनिअरने बघितल्याशिवाय एक घमेलंही वर नेऊ नये. शिकागोच्या सिटी हॉलची इमारत 1911 ची, तिच्यावर 2001 मध्ये बाग झाली, तीही ताकदीचा हिशोब करूनच. बाय द वे, ते घोटाभर तुंबलेलं पाणी म्हणजेसुद्धा चौरस मीटरला 100 किलो, त्याची काळजी कोणाला नव्हती.

पत्रे टाका म्हणणाऱ्यांनी 3 जून 2020 आठवावा. निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे पत्रे कुठे कुठे जाऊन पडले ते बघितलंय आपण.

आणि "उन्हाळ्यात पाणी कोण घालणार" असं खाली कोणीतरी विचारलंय. कोणीच नाही. आपला सडा, म्हणजे गावावरचं सपाट पठार, बघा ना, कातळावर चार बोटं माती, पावसात गवत नि तेरडा, दिवाळीनंतर सगळं वाळून पिवळं, पुढच्या मृगात परत हिरवं. तीच झाडं वर लावायची, परदेशी लॉन नको. वाळलं की लगेच कापून घ्यायचं, ठिणगी पडायला नको. खायला शेजारच्या काकांची म्हैस आहेच.