जप करूनही वाईट स्वप्नं का पडतात

एका लेखात म्हटलंय की झोपण्याआधी नामस्मरण केलं की वाईट स्वप्नं पडत नाहीत, कारण मनी वसे ते स्वप्नी दिसे. अर्धंच पटलं. मनात वसतं ते झोपायच्या आधीच्या पंधरा मिनिटांत थोडंच वसतं? माझा रात्रीचा जप बऱ्याच वर्षांपासूनचा आहे, तरी ज्या दिवशी ऑफिसात कुणाचं तरी बोलणं मुकाट गिळून घरी येते त्या रात्री स्वप्नात हमखास भांडण, आणि गंमत म्हणजे समोर तो माणूस नसतोच, शाळेतल्या बाई असतात नाहीतर माझी धाकटी बहीण, आणि मी ओरडतेय पण आवाजच फुटत नाही. म्हणजे माणसं बदलली, जागा बदलली, राग मात्र जसाच्या तसा.

बृहदारण्यक उपनिषदात हेच तर आहे, की स्वप्नात खरे रथ नसतात, घोडे नसतात, रस्तेही नसतात, जीवच ते सगळं उभं करतो आणि त्यासाठी सामान नेतो ते या जागेपणीच्या जगातूनच. म्हणून जप करा, जरूर करा, मलाही त्याने झोप शांत लागते, पण दिवसभर जे गोळा केलंय ते तो पुसून टाकेल अशी गॅरंटी कशाला देता? आणि एखादीला जप करूनही वाईट स्वप्न पडलं की तिला वाटणार आपली श्रद्धाच कमी पडली, त्यापेक्षा दिवसा काय गिळलं ते बघायला सांगा ना.