जी जिवावर आला

रात्री साडेआठला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टिंग वाजलं की आमच्या घरात वाढलेली ताटं थांबतात. त्या दिवशीचा हुकूम असा: इंग्रजीतले दहा विचित्र शब्द, सगळे एकाच अक्षराचे, अर्थ आणि वाक्यासकट, उद्या सकाळी. अक्षर हजेरी नंबरावरून. आमच्या पोरीचा नंबर सातवा, म्हणून जी.

माझं परभणीत खता-बियाण्याचं दुकान आहे. इंग्रजीशी संबंध पाकिटावरच्या बारीक अक्षरांपुरता. तरी बापपणा दाखवावा म्हणून म्हणालो, "लिही, गॉसिपियम."

"म्हणजे?"

"कापूस. शास्त्रीय नाव."

"पप्पा, विचित्र शब्द पाहिजेत. कापूस कामून विचित्र?"

कापसाचा भाव तिला माहीत नाही, म्हणून असं बोलली.

फोनवर शोधलं तर पहिलाच निघाला गाँगूझलर. इंग्लंडात कालव्यांतून होड्या जातात. त्या बघत काठावर तासन् तास उभा राहणारा रिकामा माणूस म्हणजे गाँगूझलर. तिकडच्या कालव्यांवरच्या एका पुस्तकात 1904 साली हा शब्द छापून आलाय. आता यात विचित्र काय? जायकवाडीच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं की आमच्याकडं अर्धं गाव पुलावर असतं. होडी नाही, काही नाही, नुसतं पाणी, तेही गढूळ. कालवा कोरडा असला तर जेसीबी आहेच. वसमत रोडला जेसीबीनं दात टेकवले रे टेकवले, की आठ-दहा जण गोळा होतात आणि त्यातला एक जण तरी ड्रायव्हरला हातवारे करून "आजून खाली, आजून खाली" सांगतो. त्याचा त्या खड्ड्याशी काडीचा संबंध नसतो. इंग्रज गाँगूझलर नुसता बघतो, आमचा मार्गदर्शन करतो. जगात जर्मनी, भारतात परभणी, ते काही उगाच नाही.

पोरीनं वाक्य लिहिलं: माय फादर इज अ गाँगूझलर.

मी हरकत घेतली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "राहू द्या. बरोबर आहे वाक्य." गेल्या उन्हाळ्यात दुकानासमोर नाली खांदताना मी दोन तास उभा होतो, हे तिनं अजून सोडलेलं नाही.

पुढचा ग्रोक. स्कॉटलंडचा जुना शब्द. दुसरा जेवत असताना, आपल्यालाही मिळेल या आशेनं, तोंडातून ब्र न काढता त्याच्याकडं टक लावून बघणं. हा वाचला आणि मला शेतातला हुरडाच दिसला. आगटीभोवती सगळे बसलेले असतात आणि हमखास एक पाव्हणा येतो. "नको नको, आत्ताच जेवून निघालो," म्हणत बांधावर टेकतो. मग त्याची नजर आगटीतल्या कणसापासून चोळणाऱ्याच्या तळहातावर, तिथून खाणाऱ्याच्या तोंडाकडं आणि पुन्हा आगटीत, अशा खेपा घालायला लागते. शेवटी कोणी "घ्या की पाव्हणं" म्हणालं, की "बरं, चवीपुरता." आठ कणसं होईपर्यंत त्याला चव काही कळत नाही. हे मी पोरीला रंगवून सांगितलं, तोवर दहा वाजले होते, ताटं झाकून पडली होती आणि मी स्वतःच स्वयंपाकघराकडं ग्रोकत होतो.

एव्हाना आई उठून बसली. पोरीनं वाचलं, "ग्लॅबेला, दोन भुवयांच्या मधली जागा." आईनं तिथंच बोट ठेवलं. "कुंकवाच्या जागेला इंग्रजीत येवढं नाव? त्यांच्यात कुठं कुंकू लावतेत?"

मी म्हणालो, "लॅटिनमधून आलाय. केस नसलेली, गुळगुळीत जागा."

बाजेवर दादा घोरत होते. त्यांच्याकडं बघून आई म्हणाली, "मग ह्यांचं आख्खं डोस्कंच ग्लॅबेला हाये."

ग्लोमिंग म्हणजे तिन्हीसांज आणि गाऊपन म्हणजे ओंजळ, हे दोन पटकन उरकले. नोमनपाशी गाडी अडली. सावलीच्या घड्याळातली उभी काठी. सुरुवातीला जी लिहायचा, पण उच्चारायचा नाही. "बोलायचंच नाही तर बसवला कशाला?" आईचा सवाल. लग्नात पुढच्या खुर्चीवर मानाचा फुगलेला पाव्हणा बसवतात, तसा समज म्हणालो.

गूगॉल म्हणजे एकावर शंभर शून्यं. एडवर्ड कास्नर या अमेरिकन गणितज्ञाच्या नऊ वर्षांच्या भाच्यानं ठेवलेलं नाव. पेरणीच्या तोंडावर माझी उधारीची वही उघडली तर गूगॉल काही फार लांब वाटत नाही. पोरगी मात्र उखडली. "तो नऊ वर्षांचा असून शब्द करायला, आणि मी दहाची होऊन दुसऱ्यांचे उतरवायले!"

चित्रकथेत शिवीच्या जागी चांदण्या, भोवरे, चक्रं काढतात, त्या रांगोळीला ग्रॉलिक्स म्हणतात. मॉर्ट वॉकर या व्यंगचित्रकारानं 1964 मध्ये हा शब्द काढला. युरिया संपला म्हणल्यावर गिऱ्हाईक जे बोलतं, ते इथं लिहायचं तर मला तेच काढावं लागेल.

आईला मनापासून आवडला तो गार्डीलू. पूर्वी एडिंबरोत माडीवरून खालच्या गल्लीत घाण पाणी फेकायच्या आधी ही आरोळी द्यायचे. पाण्यापासून सांभाळा, अशा अर्थाच्या फ्रेंच बोलांचा तो अपभ्रंश. "हे बेस आहे," आई म्हणाली. "आपल्या वरच्या भाडेकरणीला सांगते. ती मुकाट्यानंच वतते."

नऊ झाले. दहावा सापडेना, साडेअकरा वाजले, म्हणून पोरीनं नाइलाजानं गॉसिपियम घातला.

दुसऱ्या दिवशी वही आली. नऊ शब्दांना बरोबरच्या खुणा. गॉसिपियमवर लाल काट आणि शेजारी शेरा: गॉसिप. स्पेलिंग नीट बघ.

चार दिवसांनी आमच्या गल्लीत पाइपलाइनसाठी जेसीबी आला. दुकान उघडायला जाता जाता मी फक्त पाच मिनिटं थांबलो. खड्डा कमरेएवढा झाला होता, ड्रायव्हर माझं ऐकत नव्हता. इतक्यात वरून आवाज आला, "गार्डीऽऽलू!"

शब्द ओळखीचा वाटला. हा आठवा का नववा, आणि याचा अर्थ आपण काय लिहिला होता, हे मान वर करून मी आठवत होतो.

पाणी भांड्यांचं होतं.